रविवारचं पाणी

चुन्याची डबी रिकामी होती. कुसाबाईंनी तिच्या कडेने नख फिरवून पाहिलं. नखाला जेमतेम पांढरं लागलं.

ओट्यावर पाणी तापवायचं पातेलं पालथं होतं. काल सवयीने त्यांनी ते चिंच लावून घासलं होतं. आतून लख्ख. आणि सुमनची बस यायची वेळ झाली होती.

कुसाबाई पान खात नव्हत्या. कधीच खाल्लं नव्हतं.

नवऱ्याला, वाल्मीकरावांना, अंबडच्या कारखान्यात नोकरी लागली आणि या वसाहतीत दोन खोल्या मिळाल्या, तेव्हापासून नळाला बोअरचं पाणी. तूरडाळ तासभर रटरटली तरी दाणा दाणा वेगळा. साबणाला फेस नाही, नुसता चोथा. न्हायलं की केसांचा काथ्या. पातेल्यात क्षाराचा पांढरा थर बसायचा. तो खरवडताना वाल्मीकराव म्हणायचे, "टाकू नकोस. भिंतीला गिलावा कमी पडला तर कामाला येईल."

ते गेल्यावर सुमनने पाणी आणायला सुरुवात केली. पंचवटीला तिच्या सासरी धरणाचं गोडं पाणी होतं. दर रविवारी निळा कॅन भरून, शालिमारला बस बदलून ती यायची. दारातूनच ओरडायची, "आई, हात तुटले गं!" अलीकडे कॅन बाहेरून ओला असायचा. झाकणातून गळत असेल, असं कुसाबाईंना वाटे. पाणी मात्र एवढ्या उन्हातून येऊनही गार असे. त्या पाण्यात डाळ शिजायची, दोघी जेवायच्या, आणि उन्हं उतरली की सुमन रिकामा कॅन घेऊन निघायची. बाकीचे दिवस कुसाबाई डाळ लावतच नसत. एकटीसाठी काय शिजवायचं? कधी कधी संध्याकाळ झाल्यावर त्यांच्या लक्षात येई, की आज आपण तोंडातून शब्दही काढलेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात गल्लीत धरणाच्या पाण्याची लाईन आली. कुसाबाईंच्या नळालाही आली. पहिल्याच दिवशी त्यांनी पातेल्याचा सगळा थर काढला. रविवारी सुमनला दाखवायचं ठरवलं.

सुमन आली, कॅन ठेवून भिंतीला टेकून बसली.

"सासूबाई विचारत होत्या, दर रविवारी माहेर कशाला? मी म्हटलं, पाणी कोण पोचवणार मग? गप्प बसल्या. पाण्याला नाही कोण म्हणणार?"

कुसाबाईंनी पातेल्यावर फडकं टाकलं.

लाईन सगळ्यांकडे आली, आपलीच जोडणी तेवढी अडली, असं त्यांनी सुमनला सांगितलं. घर अजून तिच्या बाबांच्या नावावर ना, म्हणून.

"मग शेजारच्या चतुरामावशींकडून घे की हंडाभर," सुमन म्हणाली.

"रोज कुणाचं मिंधं व्हायचं?"

सुमनने पुन्हा विषय काढला नाही.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी पातेल्याला आतून चुन्याचा हात फिरवायचा आणि स्टोव्हच्या मंद आचेवर सुकवायचा. सुमन आल्या आल्या आत डोकावायची. "केवढा क्षार गं आई!" तिने आत बोट लावू नये, एवढंच जपायचं. तिने कधी लावलंही नाही.

कुसाबाईंनी चपला सरकवल्या. शेजारच्या चतुराबाई दारात मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. मूळच्या विंचूरकडच्या. वसाहतीत इतकी वर्षं काढली तरी बोलणं तिकडचंच.

"कुठं निघाल्या ताई? लेक यायची ना आज?"

"आलेच. जरा सुपारी आणते."

"सुपारी? दात किती राह्यले?" चतुराबाई हसल्या. "जा, जा. आली तर बसवते मी तिला."

कोपऱ्यावर गोटीरामची पानटपरी होती. गोटीरामने न विचारताच चुन्याची पुडी बांधायला घेतली.

"मावशी, एकदा पान तरी खाऊन बघा. नुसता चुना नेता. घर रंगवताय का काय?"

"तुला नसत्या चौकशा. बांध लवकर, बस यायची आहे."

"ती तर मघाशीच गेली की."

कुसाबाईंनी पुडी त्याच्या हातून ओढून घेतली. दार नुसतं लोटलेलं होतं. सुमन आत गेली असेल. पातेलं उचलून बघेल, नळ सोडेल, ओंजळभर पाणी पिऊन बघेल. रागावणार नाही ती. फार तर हसेल, म्हणेल, बरं झालं आई, माझी खेप वाचली. आणि मग रविवारही बाकीच्या दिवसांसारखाच एक होईल.

पुडी मुठीत धरून त्या मागच्या बोळाने निघाल्या. मोरीच्या दाराने आत शिरता आलं, तर पातेलं निदान लपवता येईल.

बोळात चतुराबाईंच्या परसाची भिंत लागली, छातीएवढी. पलीकडे नळ सुटला होता. प्लॅस्टिकवर पाणी पडत होतं.

कुसाबाई थबकल्या. भिंतीवरून पाहिलं.

नळापाशी सुमन पाठमोरी उकिडवी बसली होती. नळाखाली निळा कॅन होता. शेजारी चतुराबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"आत गेल्यावर हात तुटले म्हणायला इसरू नको. मागल्या रविवारी इसरली व्हतीस," त्या म्हणाल्या. "आन घाई नको करू, पोरी. तुझी आई चुना आणाया गेलीय. पातेलं रंगवून होऊ दे तिचं."

सुमनने हात पुढे केला आणि नळ हळूहळू बारीक केला, पाण्याची धार दोऱ्याएवढी होईपर्यंत.