नगरपालिकेचा माणूस

तेस्फाय अर्ध्या तासापासून फोन कानाला लावून उभा होता. आई दाराशी चाकाच्या खुर्चीत, कोट-टोपी चढवून बसलेली. डायलिसिसची गाडी नुकतीच परत गेली होती. दारापासून रस्त्यापर्यंतच्या वाटेवर पोटरीभर बर्फ होता, आणि त्यातून खुर्ची ढकलणं आपल्या कामात बसत नाही, हे ड्रायव्हरने काच दोन बोटं खाली करून सांगितलं होतं.

तीन हिवाळे असं कधी झालं नव्हतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, गाडी यायच्या आत वाट साफ, वर मीठही टाकलेलं. विनिपेगच्या नगरपालिकेचं हे कौतुक तो दर रविवारी मायदेशी, अस्मारात राहणाऱ्या भावाला फोनवर ऐकवायचा. आपल्याकडे सरकार दाराशी आलं की माणूस मागच्या खिडकीतून उडी टाकतो. इथे सरकार येतं, बर्फ काढतं आणि कॉफीही न मागता जातं.

देश चांगला होता. माणसांबद्दल मात्र तेस्फायला खात्री नव्हती. शेजारच्या ओरेस्ट हनाट्यूक या म्हाताऱ्याशी तीन वर्षांत एकदाच बोलणं झालेलं. त्याने कुंपणावरून विचारलं होतं, आईला कुठल्या वारी नेतात? तेस्फायने वार सांगितले आणि घरात येऊन त्या बाजूचा पडदा ओढून घेतला. कोण कधी बाहेर जातं याची चौकशी करणाऱ्यांमुळेच तर त्याने देश सोडला होता. पडदा अजून तसाच होता.

अखेर नगरपालिकेची बाई फोनवर आली. तेस्फायने तिला फैलावर घेतलं. कर वेळेवर भरतो. आईचं काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण? आणि नेहमीचा माणूस आज कुठे मेला?

"सर, घराच्या आवारातली वाट आम्ही साफ करत नाही," बाई म्हणाली. "कधीच करत नव्हतो."

तेस्फायने फोन ठेवला आणि बाहेर डोकावला. गल्लीतल्या सगळ्या वाटा मोकळ्या होत्या. बर्फ दोनच दारांशी होता. त्याच्या आणि शेजारच्या.

तो तसाच बर्फ तुडवत गेला. दार म्हाताऱ्याच्या मुलीने उघडलं. टोरांटोहून आली होती. बाबा रविवारी झोपेतच गेले, म्हणाली. दारामागे फावडं आणि मिठाची पिशवी होती. वर भिंतीवर कागद चिकटवलेला: मंगळ, गुरू, शनि.

"हे कसले वार, काही कळत नाही," ती म्हणाली. "गोळ्यांचे असतील."

तेस्फायने फावडं मागून घेतलं. दुपारच्या गाडीने आई डायलिसिसला गेली. आठवड्याभरात मुलगीही घराला कुलूप लावून गेली.

पुढच्या रविवारी भावाने सवयीने विचारलं, "काय म्हणतंय तुमचं सरकार?"

"वारलं."

भाऊ चपापला. फोनवर असलं बोलत नाहीत, म्हणाला. मग कुजबुजला, "आता बर्फ कोण काढतं?"

"मी. आमच्या दारचा आणि शेजारचा."

"शेजारी कोण राहतं?"

तेस्फायने पडदा बाजूला केला. कुलपापर्यंतची वाट साफ होती, मीठही पडलं होतं.

"आता कोणी नाही," तो म्हणाला. "आधी सरकार राहायचं."