पाच टक्के
शाळेच्या नव्या पोलादी इमारतीच्या मजबुतीचा हिशेब मांडताना मुख्य इंजिनिअरला त्याच्या हाताखालची इंजिनिअर म्हणाली होती, “सर, असा सांगाडा हादरे फार कमी जिरवतो. जिरवण्याचं प्रमाण पाच टक्के नको, दोनच धरूया. भूकंपाचा जोर सव्वापट निघेल, मग जिना भक्कम करू.” “अगं, सगळे पाचच धरतात,” म्हणत त्याने ते हसण्यावारी नेलं. भूकंपात इमारत उभी राहिली, पण कितीतरी वेळ झुलत राहिली आणि जिना कोसळून शिपाईमामा गेले. चौकशीच्या दिवशी मामांची बायको त्याच्या शेजारच्याच खुर्चीवर बसली होती. अध्यक्ष म्हणाले, “आकडे नियमाला धरून आहेत. तुमचा दोष दिसत नाही.” तो उठला. “साहेब, दोनच धरा असं मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. लिहून घ्या.” “पुन्हा विचार करा,” अध्यक्ष म्हणाले. “तो तेव्हाच करायला हवा होता.”