आजोबांचं पाणी

"पुन्हा तेच निघालं, बाबा," सूनबाई दारातूनच म्हणाली. चार वर्षांची ठकू तिच्या कडेवर होती. एवढ्या मोठ्या मुलीला उचलून ती दवाखान्यापासून चालत आली होती आणि तिला साधी धापही लागली नव्हती. पोर इतकी हलकी झाली होती.

सूनबाईने ठकूचे हात साबणाने धुतले, स्वतःचे धुतले आणि भलंमोठं पातेलं गॅसवर चढवलं. पाण्याला खळखळून उकळी फुटेपर्यंत ती तिथून हलत नसे. फळं धुवायला उकळलेलं पाणी, दात घासायलाही तेच. घरातल्या सगळ्यांना तिने नखं कापायला लावली होती, त्यातून सासराही सुटला नव्हता. एवढं करून पोरीचं पोट बिघडायचं ते बिघडतच होतं. औषध चालू असलं की थांबायचं, संपलं की थोड्या दिवसांत पुन्हा सुरू.

"डॉक्टर म्हणतात, औषधात चूक नाही. हिच्या पोटात ते नव्याने जातंय कुठून तरी. बाहेरचं पाणी पितेस का, म्हणून विचारलं. नाही म्हणाली."

"घराबाहेर पडतेच कुठे ती?" म्हातारा म्हणाला.

हे खरं होतं. फक्त एवढंच खरं होतं.

म्हाताऱ्याने उभा जन्म शहराच्या पाणीपुरवठ्यात काढला होता. टाकीत क्लोरीन किती सोडायचं ते त्याच्या हातात असे. सगळं गाव माझ्या हातचं पाणी पितं, असं तो ज्याला त्याला सांगे. आणि आता त्याच्याच घरात त्याचं पाणी उकळत होतं! त्याला ते फार लागलं होतं. दुपारी सूनबाईचा डोळा लागला की तो ठकूला मागच्या दाराच्या नळावर न्यायचा. तिचा हात पुरावा म्हणून त्याने फळकुटांचं छोटं स्टूल ठोकून दिलं होतं. "उकळलं की पाणी मरतं, ठकू. हे जिवंत पाणी. आजोबांचं. आईला सांगायचं नाही हं." ठकू ओंजळ भरून प्यायची आणि खुदकन हसायची.

"अगं, पण क्लोरीन असतंच की पाण्यात," तो म्हणाला.

"तेच विचारलं मी. तुम्ही नेहमी म्हणता ना! तर म्हणाले, हा परजीवी तेवढ्या क्लोरीनला दाद देत नाही. पाणी उकळलं तरच मरतो."

म्हातारा खुर्चीत बसला. सांगून टाकावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. सूनबाईच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून त्याला धीर झाला नाही.

"आणि म्हणाले, ठकू निभावून नेईल. तिच्या पाठच्या बाळाला मात्र जपा. एवढ्याशा जिवातलं पाणी आटायला वेळ लागत नाही. त्याला जुलाब झाले तर घरात बसून राहायचं नाही, उचलून आणायचं."

"बाळाला काय धाड भरलीय? त्याला उकळल्याशिवाय थेंब देत नाहीस तू."

"हो ना. कालपासून जरा पातळ होतंय, पण ते दातांचं. मी बोललेही नाही डॉक्टरांना." ती पदराला हात पुसत म्हणाली, "त्रास दिला का हो त्याने तुम्हाला?"

"छे! तू गेल्यापासून गाढ झोपलाय. दुधालासुद्धा उठला नाही, शहाणा."

सूनबाई बाळाच्या खोलीत गेली. म्हातारा उठला, जुन्या पेटीतून पाना काढला आणि मागच्या दाराशी आला. सांगायचं नाही, पण आजपासून बंद, असं त्याने स्वतःपुरतं ठरवलं. नळाची मूठ ढिली करायला त्याला कितीसा वेळ लागणार? ती काढून त्याने खिशात टाकली. स्टूल उलटं करून कोपऱ्यात सरकवलं. छातीवरचा दगड थोडा हलल्यासारखा वाटला.

मागे ठकू येऊन उभी होती. हातात तिचा खेळण्यातला निळा कप.

"नळ मोडला, आजोबा?"

"मोडला बेटा. आता आईचंच पाणी प्यायचं. आजोबांचं संपलं."

ठकूने नळाकडे पाहिलं, मग कपाकडे. तिचा चेहरा पडला.

"मग आता बाळाला कुठलं देऊ?"

म्हाताऱ्याला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. पण त्याने नीटच ऐकलं होतं. पाना हातातल्या हातात तसाच राहिला.

तो रागावला असं वाटून ठकू घाईघाईने म्हणाली, "मी आईला नाही हं सांगितलं."

आतल्या खोलीत सूनबाई बाळाला उठवत होती. आधी लाडाने. मग मोठ्याने.