दोराचे टोक

“सदरा इथंच काढून ठेव,” घोरपड म्हणाला. “आणि हात धुऊन ये. साबणानं.”

धाकट्याने त्याच्याकडे रोखून पाहिले. घळ उतरायला निघालेल्या माणसाला आधी हात धुवायला लावणारा वाटाड्या त्याने आजवर पाहिला नव्हता.

“पाण्यातच तर उतरायचंय.”

“म्हणून काय झालं? माझ्या दोरांना असा कुणी हात लावलेला मला चालत नाही.”

कड्याला चिकटून चालण्याच्या हातोटीमुळे सगळे त्या वाटाड्याला घोरपड म्हणत. धाकट्याला आज त्या नावात फक्त जाड कातडी दिसत होती. सदरा काढायला लावला तो खिशात बोलणे टिपायला फोन चालू ठेवला आहे का, हे पाहायलाच, असे त्याला वाटले. त्याने निमूटपणे सदरा खुंटीला अडकवला. आपल्या दुकानातून तसाच निघाल्यामुळे सदरा रोजच्या कामाचाच होता, बाहीला बारीक भोके पडलेला. घोरपडने त्या भोकांकडे क्षणभर पाहिले आणि नजर फिरवली.

नजरेला नजर द्यायची टाप नाही, धाकट्याने मनात नोंद केली.

दादा जाऊन वर्ष झाले होते. दादा आणि घोरपड दहा वर्षांचे भागीदार. पाहुण्यांना दोरावरून धबधब्यांच्या घळीत उतरवणे हा त्यांचा धंदा, आणि हेच त्यांचे वेडही. शेवटच्या टप्प्यावर दादाचा दोर तुटला. तीन महिन्यांनी झालेल्या चौकशीत घोरपडने एका दमात सांगून टाकले, “चूक माझी. दोर मी भलत्या जागी बांधला. दगडाच्या धारेवर घासून तुटला. तुटका दोर पाण्यात वाहून गेला.” त्याचा परवाना सहा महिने बंद राहिला आणि प्रकरण मिटले.

धाकट्याच्या मनातून ते मिटले नाही. कारण दोर वाहून गेला नव्हता. त्याचे टोक साहित्याच्या खोलीत, पत्र्याच्या पेटीत कुलूपबंद होते. झाडलोट करणाऱ्या बाईंनीच ते सांगितले होते. घोरपडने दादाचा नवा दोर स्वतःकडे ठेवून जुनाट दोर बांधला, याविषयी धाकट्याला शंका उरली नव्हती. चौकशी पुन्हा उघडावी म्हणून उद्या तो अर्ज देणार होता. हवा होता तो फक्त पुरावा.

वहिनीने अडवून पाहिले होते. “भावजी, जाणारा गेला. आता उकरून काय मिळणार?” पण हीच वहिनी दोनदा घोरपडशी ओसरीवर हलक्या आवाजात बोलताना दिसली होती, आणि धाकटा दारात येताच दोघेही गप्प झाली होती. तेव्हापासून त्याच्या मनात नको तो किडा वळवळत होता.

“दादा गेला ती जागा बघायचीय,” एवढेच तो घोरपडला म्हणाला होता.

शेवटच्या कड्यापर्यंत दोघे एकामागून एक टप्पे उतरत गेले. घोरपड प्रत्येक टप्प्यावर दोर वीत-वीत बोटांतून सरकवून पाही, आंधळ्याने ओळखीचा चेहरा चाचपावा तसा.

“हीच जागा?”

“हीच.”

धाकटा पालथा पडला. त्याने कड्यावरून तळहात फिरवला. युगानुयुगांच्या पाण्याने तो दगड तान्ह्या बाळाच्या टाळूसारखा मऊ करून ठेवला होता.

“धार कुठाय?”

घोरपड गाठ आवळत राहिला.

“मी विचारतोय, धार कुठाय? दोर नवा कोरा होता. आठ दिवस माझ्याच दुकानात होता. दादानं वरच्या खणात नुसता भिरकावला होता. खिडकीतलं ऊन लागेल म्हणून मीच तो काढून चार्जिंगला लावलेल्या गाड्यांच्या बॅटऱ्यांच्या फळीखाली नीट सरकवून ठेवला. दोराला ऊन चालत नाही, हे तुम्हीच सांगायचात ना?”

“मीच सांगायचो,” घोरपड म्हणाला. त्याचा आवाज पाण्याच्या आवाजात जवळजवळ बुडाला.

“मग? नवा दोर असा तुटतो?”

“उतर आता. पाय रुंद ठेव. खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ.”

धाकटा उतरला. घळीत लोंबकळताना त्याने वर पाहिले. घोरपडचा हात गाठीवरच होता. या हाताने ठरवले तर, असा विचार येऊन त्याने दोर दोन्ही हातांनी घट्ट धरला. पण पाय तळाच्या थंड पाण्याला लागले. आणि वरचा माणूस, कोण जाणे का, डोळे पुसत होता.

मगरीचे अश्रू, धाकटा पुटपुटला.

परतल्यावर घोरपड पाठमोरा होऊन टाकीवर दोर धुऊ लागला. धाकटा साहित्याच्या खोलीत शिरला. खुंटीवर त्याचा सदरा झुळकीने हलत होता. पेटीची किल्ली शेजारीच, दादाच्या हेल्मेटखाली होती. कुलूप सहज उघडले.

आत जुन्या पंच्यात गुंडाळलेले हातभर टोक होते. त्याने ते उजेडात धरले आणि चमकला. रंग झळझळीत होता. दोर जुना नव्हता, बदललेलाही नव्हता. दादाचाच होता. त्याने तुटका भाग चिमटीत धरला, तर वाळलेल्या गवतासारखा त्याचा भुगा झाला.

खाली घडी घातलेला कागद होता. कुठल्याशा प्रयोगशाळेचा. दादा गेल्यावर दोन महिन्यांनी घोरपडनेच खाजगीत करून घेतलेली तपासणी.

‘घासल्याच्या वा कापल्याच्या खुणा नाहीत. धाग्यांत बॅटरीतील आम्लाचा अंश. असा दोर वरून नवाच दिसतो.’

कागदाच्या तळाशी निळ्या शाईत दोन ओळी होत्या. अक्षर वहिनीचे होते.

‘भावजींना हे कधीही कळू देऊ नका. त्यांचा राग जन्मभर तुमच्यावर राहिला, तर राहू द्या.’