आम्हाला कोणी वाजवलं नाही

"दोन वर्षं आम्ही दारोदार फिरलो," भाची माइकमध्ये म्हणाली. "एकाही रेडिओने आमचं एकही गाणं वाजवलं नाही."

मामा तिच्या समोरच बसला होता. कानांवर हेडफोन असल्यामुळे आपल्या ऐकण्यात चूक झाली, असं म्हणून सोडून द्यायचीही सोय नव्हती.

स्टुडिओ म्हणजे वाचनालयाच्या वरची खोली. भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेले. पंखा बंद, कारण चालू ठेवला तर तोही प्रसारित होतो. याच खोलीतून मामाने भाचीच्या बँडचं पहिलं गाणं वाजवलं होतं. मग पुढच्या रविवारी पुन्हा. मग त्याच्या पुढच्या रविवारी. त्यात गिटार जरा बेसूर होती. मामा त्याला प्रामाणिकपणा म्हणायचा. या छोट्या रेडिओ केंद्राचा आवाका पेट्रोल पंपापर्यंतच होता, पण पंपापर्यंतच्या लोकांना ते गाणं पाठ झालं होतं. बऱ्याच जणांना इच्छेविरुद्ध.

आज तर त्याने केंद्राच्या अध्यक्षांना घरी जाऊन सांगितलं होतं, "या धांगडधिंग्यातून काय निघालं, असं विचारता ना? आज ऐका. तीच सांगेल." अध्यक्षांना मामाच्या रविवारच्या या तासाला मधुमेहावर व्याख्यानं लावायची होती. आजचा कार्यक्रम ऐकून काय ते ठरवतो, म्हणाले होते.

काचेपलीकडे ध्वनितंत्रज्ञ होता आणि त्याच्या शेजारी कंपनीची बाई. बँडशी करार केलेल्या, मोठ्या शहरातल्या मोठ्या कंपनीची. भाचीचं वाक्य संपताच बाईने अंगठा वर केला. तंत्रज्ञाने मामाकडे पाहिलं आणि अतिशय मन लावून एक बटण पुसायला घेतलं.

मामाने घाईघाईने गाणं लावलं. माइकचा लाल दिवा विझला.

"एकाही रेडिओने नाही?"

"मामा, प्लीज. आत्ता नको."

"मग मी दर रविवारी इथे माश्या मारत होतो?"

"तसं नाही रे. त्यांनी आमची एक गोष्ट ठरवलीय. सगळीकडे तीच सांगायची. कोणी ऐकलं नाही, कोणी विचारलं नाही, मग कंपनीने ऐकलं. त्यात मामाच्या रेडिओवर लागायचं म्हटलं की कसं वाटतं, तूच सांग. लाडाचं वाटतं."

"लाडाचंच होतं."

"तेच तर म्हणतेय."

तिच्या शेजारी बसलेल्या ड्रमरने बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

"आधी सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर बोलावलं असतंस?"

बोलावलं असतं. मामाला याचंच जास्त वाईट वाटलं.

"तुझ्या आईला माहितीय हे?"

"आईच म्हणाली, मामाचं टेन्शन घेऊ नकोस. तो समजून घेतो."

म्हणजे बहिणीलाही विचारून झालं होतं. घरात ठराव मंजूर होता. फक्त ज्याच्याविषयी होता, त्याला बैठकीचं बोलावणं नव्हतं. मामाने हेडफोनचा आवाज वाढवला. गाणं कंपनीने नव्याने करून घेतलेलं होतं. गिटार आता एकदम सुरात होती.

गाणं संपलं, दिवा लागला. काचेपलीकडून तंत्रज्ञाने फोन आल्याची खूण केली आणि जोडूनही टाकला. जरा जास्तच तत्परतेने.

"हॅलो, मी शिवणकामवाली बोलतेय." या बाई दर रविवारी फोन करायच्या. मागे शिलाई मशीन खडखडत होतं. "अहो, मी मघापासून ऐकतेय. ही पोरगी असं काय बोलते? कोणी वाजवलं नाही कसं? तुम्ही दर रविवारी वाजवायचात की! खरं सांगू, मला आधी मुळीच आवडलं नव्हतं. म्हटलं, काय आरडाओरडा हा. मग एक दिवस बघते तर मशीनवर पाय त्याच ठेक्यात पडतोय. आणि ती तुमचीच भाची ना हो?"

कंपनीच्या बाईने हाताची घडी घातली. भाची मामाकडे बघत होती. आवाज न करता, नुसत्या ओठांनी ती म्हणाली, "मामा."

अध्यक्ष ऐकत होते. 'हो बाई, बरोबर आहे तुमचं' एवढंच म्हणायचं होतं. तास वाचला असता. शिवाय ते खरंही होतं, पण त्याची आज कोणाला फारशी गरज दिसत नव्हती.

मामाने घसा खाकरला.

"नाही हो बाई," तो नेहमीच्या हसऱ्या आवाजात म्हणाला, "तुमची काहीतरी गल्लत होतेय. तो दुसरा कुठला बँड असेल."

तंत्रज्ञाने मान वर केली. भाचीने सुटकेचा श्वास टाकला. माइक जवळ असल्यामुळे तो पेट्रोल पंपापर्यंत गेला असणार. फोनवर मशीन थांबलं.

"दुसरा?" बाई म्हणाल्या. "असं कसं? मी काय बहिरी आहे? मग मी इतके दिवस ऐकत होते ते काय होतं?"

मामाने त्यांच्या आवाजाच्या बटणावर बोट ठेवलं आणि ते खाली आणलं. एकदम नाही, हळूहळू. गाणं संपवताना आणतात तसं. बाई अजून विचारतच होत्या.