एकसारख्या गोळ्या

“आज किती वेळा?” लाँड्रीवालीने विचारलं.

“सकाळपासून चार.” बाईंनी तोंडावरचा रुमाल बाजूला केला. “आणि तुला?”

“मला कुठलं काय! येताना पोटभर जेवून आले.” चोरी कबूल करावी तशी ती बोलली.

दोघींची ओळख दवाखान्यातल्या या बाकावरची. बाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. लाँड्रीवाली चौतिशीची, घरी सहा वर्षांची मुलगी. दोघींचं ऑपरेशन झालं होतं, सलाइनमधून किमोही झाली होती. आता आजार परतू नये म्हणून किमोच्या एका नव्या गोळीची चाचणी चालू होती आणि दोघींनी तिच्यासाठी सह्या केल्या होत्या. निम्म्या बायकांना खरी गोळी, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पिठाची. कोणाला कुठली, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. बाटलीवर नुसता नंबर.

बाईंना मात्र कोणी सांगायची गरज नव्हती. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या तोंडाला लोखंडाची चव आली. मग मळमळ, उलट्या, नुकते उगवलेले केस पुन्हा उशीवर. त्या लाकडी चमच्याने जेवू लागल्या. गरम अन्नाच्या वासाने पोट ढवळायचं म्हणून सगळं गार करून खात, अधूनमधून बर्फाचे खडे चघळत. किती वाजता काय झालं ते वहीत लिहीत. सून बादली उचलताना म्हणायची, “आई, निदान बाथरूमपर्यंत तरी पोचत जा हो.”

लाँड्रीवालीला यातलं काही म्हणजे काही नव्हतं. तळहात लाल होऊन सालं निघत, पण दिवसभर साबणाच्या पाण्यात हात घालणारीला त्याचं काय कौतुक!

“तुला पिठाची मिळालीये,” बाई एकदा सरळच म्हणाल्या. उत्तर चुकलं तर मुलाला चुकलं म्हणून सांगावं, ही त्यांची जुनी सवय.

लाँड्रीवालीचा चेहरा उतरला. “मग मी मरणार का हो, बाई?”

बाईंनी वहीत डोकं घातलं.

तिसऱ्या महिन्यात बाई टेकीला आल्या. पाण्याचा घोट पोटात ठरेना. गोळ्या सोडते म्हटलं की मुलगा ओरडायचा, “आई, आता मागे फिरायचं नाही!” नवी बाटली घ्यायच्या दिवशी त्यांनी लाँड्रीवालीला हाताला धरून बायकांच्या स्वच्छतागृहात नेलं आणि आतून कडी लावली.

“आपण गोळ्या बदलू.”

“म्हणजे?”

“माझ्या तू घे, तुझ्या मी घेते. दर महिन्याला. तुला पोरगी आहे. माझं आता काय राहिलंय?”

बादलीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

लाँड्रीवालीने तिथेच, त्या ओल्या फरशीवर, त्यांचे पाय धरले. बाईंनी तिला उठवलं. रुमालावर गोळ्या ओतून त्यांनी एका बाटलीतल्या दुसरीत भरल्या.

चौथ्या दिवशी फोन आला.

“बाई, उलटी झाली!” लाँड्रीवाली पहिला नंबर आल्यासारखी ओरडत होती.

“किती वेळा?”

“दोनदा! आणि तोंडाला लोखंडाची चव, अगदी तुम्ही सांगता तशी!”

“शाब्बास,” बाई म्हणाल्या, आणि तिला लाकडी चमच्याचं, बर्फाचं, गार जेवणाचं सगळं नीट समजावून सांगितलं.

बाईंची मळमळ दोन दिवसांत थांबली होती. त्या चवीने जेवू लागल्या. सुनेला मदत म्हणून भांडी घासू लागल्या. त्या साबणाने तळहात सोलवटले, तेवढंच. आजार आता परतणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. वर्ष मिळेल, फार तर दोन. पण माणसासारखी मिळतील. शिवाय एका पोरीची आई वाचणार होती. हिशोब त्यांना चोख वाटत होता.

लाँड्रीवाली वाळत गेली. उभं राहवेना म्हणून काम सुटलं. तरी बाकावर बसून हसायची. “चालू दे की! कपड्यातला मळसुद्धा आपटल्याशिवाय जात नाही. पोरीला शाळेत सोडायला मी असले म्हणजे झालं.”

दहाव्या महिन्यात तिचा स्कॅन आला. आजार यकृतात पसरला होता.

बाई शेवटच्या भेटीला गेल्या तेव्हा मुलगी दारात बसून बुटाची नाडी बांधायची खटपट करत होती. आत लाँड्रीवालीने त्यांचा हात धरला. तिचा तळहात लहान मुलासारखा मऊ झाला होता.

“बाई, तुम्ही तुमचा जीव काढून दिला होतात. मीच करंटी, मला तो राखता आला नाही.”

“असं बोलू नये,” बाई म्हणाल्या. त्या मनापासून रडल्या. आपल्याकडून काही उणं राहिलं नाही, एवढं एक समाधान घेऊन घरी आल्या.

दोन महिन्यांनी चाचणी संपली. बाई मन घट्ट करून डॉक्टरांसमोर बसल्या. डॉक्टर मात्र हसत होते.

“स्कॅन एकदम स्वच्छ. कुठे ठिपकासुद्धा नाही.”

बाईंना काही उमगेना. “पण... कसं काय?”

“तेच मीही विचारतोय! नंबरांची यादी आज उघडली. खरं तर दुसऱ्याचं सांगू नये, पण तुम्ही दोघी सख्ख्या बहिणींसारख्या होतात, म्हणून सांगतो.” डॉक्टरांनी कागद त्यांच्याकडे फिरवला. “पहिल्या दिवसापासून खरं औषध तिच्या बाटलीत होतं, तरी ती गेली. आणि तुम्ही वर्षभर नुसत्या पिठाच्या गोळ्यांवर ठणठणीत! सांगा ना बाई, नेमकं काय केलंत तुम्ही?”