अजून चालत नाही

"अहो, अजूनही नाही चालत!" सलग नवव्या दिवशी दोन जिने चढून ती सिस्टिमवाल्याच्या टेबलाशी आली. मेनफ्रेमवरचा, म्हणजे ऑफिसच्या मोठ्या संगणकावरचा, एक राखीव प्रोग्राम तिला आपल्या स्क्रिप्टमधून चालवायचा होता, आणि परवानगीची यादी त्याच्या हातात होती. आज मात्र त्याला राहवेना.

"रागावू नका. यादीत त्या प्रोग्रामचं नाव मी पहिल्याच दिवशी घातलंय. तुमच्या स्क्रिप्टमधली त्याला बोलावण्याची कमांड चुकतेय. 'लिंक' काढा, 'कॉल' लिहा."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

त्याचे कान लालबुंद झाले. "तुमचं येणं बंद झालं असतं."

ती मटकन खुर्चीत बसली आणि पोट धरधरून हसत सुटली.

"अहो, 'कॉल' मी दुसऱ्याच दिवशी लिहिलं. तेव्हापासून मस्त चालतंय!"